सासऱ्यांच्या कवितेला लावलेले तीन चष्मे

चिखली, रविवार

प्रिय हर्षल यास,

सप्रेम नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतोस, की खुंटीला टांगून ठेवलास? घरी सगळे खुशाल असतीलच. मी खुशाल आहे असं लिहायला मात्र हात वळत नाही. गेल्या रविवारपासून मी उंद्रीच्या दिशेला तोंडसुद्धा करत नाही.

आमच्या सासऱ्यांचा, उकंडरावांचा, पहिला कवितासंग्रह निघाला. (निवृत्त ग्रामसेवक. जन्मभर दाखले लिहिले, आता कविता.) प्रकाशन उंद्रीच्या समाजमंदिरात, आणि जावई मराठीचा प्राध्यापक म्हणून भाषण माझं. चार बरे शब्द बोलायचे आणि शाल घ्यायची, एवढंच काम होतं. पण मी नुकताच समीक्षा-सिद्धांतांच्या कार्यशाळेहून परतलो होतो (तिथे माझा निबंध वेळेअभावी गळाला), तो सगळा राग सासऱ्यांच्या अंगावर काढला. त्यांची एक साधी कविता आहे: धुऱ्यावरच्या (म्हणजे शेताच्या बांधावरच्या) बोरीखाली पायात काटा मोडला, तो काढावासा वाटला नाही. म्हटलं, हिच्याकडे तीन चष्म्यांतून पाहू. मार्क्सवादी चष्म्यातून धुरा म्हणजे मालकी आणि काटा म्हणजे शोषण निघालं. लोकांना वाटलं मी सोयाबीनच्या भावाचं बोलतोय, टाळ्या पडल्या. मग स्त्रीवादी चष्मा लावून विचारलं, अख्ख्या संग्रहात घरातली बाई कुठेच का नाही? पहिल्या रांगेतल्या सासूबाई तर खूश झाल्या. तिथे थांबायचं की नाही! पण टाळ्या डोक्यात गेल्या होत्या. मनोविश्लेषणाचा चष्मा चढवला आणि ठणकावलं, कवीच्या नेणिवेत एक बाई उभी आहे, ती घरातली नाही, आणि काटा तिचा आहे.

तेवढ्यात सासऱ्यांचे बालमित्र महादेवराव (ऐकू कमी येतं, म्हणून बोलतात मोठ्यानं) म्हणाले, "बराबर! थे डोणगावचीच असन!"

हर्षल, मला वाटायचं हे सिद्धांत नोकरीपुरतेच असतात. हा खरा निघाला रे. सासऱ्यांनी सत्काराची शाल तोंडावर ओढून घेतली.

जेवायला शिरा होता. वाढताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "जवाईबुवा, मले लग्नापासून ठाऊक हाये. गावाले ठाऊक नोतं." ताट तसंच ठेवलं. उठून सासऱ्यांचे पाय धरले, तर त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "बापू, म्या कविता लिहली होती. तुमी चवकशी लावली."

निघताना पाहिलं, तर सासूबाई त्यांच्याकडून तीच कविता वाचून घेत होत्या. एकेक ओळ, सावकाश. सासऱ्यांची मान वर होत नव्हती. माझीही नाही.

तुझा,
विहंग

ता. क. आमची निवेदिता माहेरून घरी आल्यापासून माझी कॉलेजच्या वार्षिकातली 'पुष्पांजली' ही जुनी कविता घेऊन बसलीय आणि तिसऱ्या चष्म्यातून वाचतेय. ती तुला फोन करणार. ती कविता देवीला वाहिलेल्या फुलांवर आहे, एवढंच सांग. पत्र त्यासाठीच लिहिलं.

पुन्हा ता. क. तुझ्या घरी पुष्पांजलीवहिनींनी विचारलं, तरी फुलंच सांग. आणि हर्षल, तुलाही आजवर ती फुलंच वाटत आलीत ना रे?