टपालाच्या थैल्यांवर बसलेला प्रवासी

रविवार, संध्याकाळ. डोणगाव.

मी कॉलेज सोडलं, तरी पल्लवीचा सेमिनार मीच लिहून दिला. इंग्रजांच्या काळातली पहिली विमान कंपनी. आधी टपाल, जागा उरली तर प्रवासी. तोही थैल्यांवर बसून. मनातलं मात्र तिला कधी बोललो नाही.

आज तिला पाहायला पाहुणे आले. मुलानं अभ्यासाचं विचारलं, तर हिनं हेच ऐकवलं. थैल्यांवरचा प्रवासी ऐकून तो खूप हसला म्हणे. माझ्या मेहनतीवर हसला!

आत्ता तिचा फोन. "तुह्यामुळं जमलं बे! पसंती आली."

"अन् तुले पसंत हाय तो?"

"हाव. लग्नात वाढायले येशील ना?"

"येतो," म्हणालो. काऊन म्हणालो?