सहा भाग आणि एक काना

मुक्काम खालची वस्ती, आखाडा बाळापूरच्या अलीकडं
तारीख १७ जुलै १९७७, ऐतवार

चिरंजीव जळबास,

थोरल्या बहिणीचा, सोजराबाईचा, जय भीम. (तू परभणीच्या कचेरीत शिपाई लागल्यापासून तुला चिरंजीव लिवावं का साहेब, हे मला कुणी सांगितलं न्हाई. मी तुझं नाक पुसलेलं हाये, म्हणून चिरंजीवच लिवलं.) तुमची तब्येत बरी हाये असं मीच ठरवून टाकते, कारण दोन पत्रं धाडली अन् तुझं एक अक्षर आलं न्हाई. तिकडं शाई मिळत न्हाई काय? तुझ्या बायकोच्या, शालूबाईच्या, कंबरेला एरंडाचा पाला बांध म्हणलं होतं, तो बांधला का तसाच वाळवला तेबी कळव. इकडं तुझे दाजी बरे हायेत. कुणीबी काईबी बोललं की मान हलवतात, तेवढीच त्यांची तकलीफ. पत्र मी सोता लिवून राहिले. प्रौढांच्या वर्गात बाराखडी पुरी झाली अन् मास्तरची बदली झाली, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ राहिलं. ते तुझ्या पदरचं घालून घे.

आता खरी गोष्ट. गेल्या सोमवारी वस्तीत जीप आली. जीप दिसली तसे सगळे गडी पाटलाच्या उसात घुसले. (गेल्या साली जीपवाले गडी माणसं धरून नसबंदीच्या आपरेशनला न्यायचे, ती धास्ती अजून पायात हाये. कोंडीबा सत्तरीचा, त्याला कोण नेतंय, पण सगळ्यात आधी तोच पळाला.) जीपमधून उतरली एक चष्मेवाली बाई, शकुंतलाबाई तिचं नाव, अन् तिच्यामागं तिच्या संस्थेची दोन माणसं. संस्था म्हणजे काय मी इचारलं, तर म्हणे आमी सरकार न्हाई, अन् व्यापारीबी न्हाई. मग काहून आले? सरकार न्हाई, व्यापारी न्हाई, सोयरेबी न्हाई, अन् फुकट झाडं वाटतात, म्हणजे काईतरी हाये. फुकट तर आपल्या गावात कुणी वाटबी सांगत न्हाई.

पण माझं काळीज हाललं ते येगळ्याच गोष्टीनं. जीपमधून शेवटी पाटील उतरले. पाटलांनी संस्थेला झाडं लावायला जागा दाखवली, अन् ती जागा म्हणजे आपलं गायरान. तुला ठाव हाये, त्या माळावरचे दगड मी अन् तुझ्या दाजींनी अकरा वर्सं येचले. दोन एकर रान उभं केलं. आज ज्वारी गुडघ्याला लागलेली हाये. पण कागद? कागद न्हाई. सरकारच्या दप्तरात ते अजून गुरं चरायचं रान हाये, अन् गुरं पाटलाची. आता तिथं झाडं लागली की पाटील म्हणणार, बाई, झाडाला धक्का लावू नका, ते देशाचं हाये. मग मी ज्वारी कुठं पेरू, तुझ्या डोक्यावर?

दुपारी समाजमंदिरापुढं बैठक घेतली. शकुंतलाबाई चांगली बोलती, मी खोटं काहून सांगू. म्हणे डोंगर बोडके झाले म्हणून पाऊस रुसून राहिला, कारखान्यांच्या धुरानं सगळ्या दुनियेची हवा तापून राहिली, बहात्तरचा दुष्काळ पुन्हा पुन्हा येईल. मी म्हणलं, बाई, आमच्या वस्तीत बारा चुली, त्यातल्या चार रोज पेटत न्हाईत. धूर कुणाचा अन् खड्डे कुणाच्या रानात? तिनं वहीत काईतरी लिवलं. (माझं बोलणं कुणी लिवून घेतलं की मला घाम फुटतो.) मग उभी राहून म्हणाली, आम्हाला दुसरं काही नको, फक्त तुमचा सहभाग हवा.

जळबा, मी ऐकलं सहा भाग.

तूच सांग, आपल्याला भाग म्हणलं की दुसरं काय आठवंल? बटईनं केलं तर अर्धा भाग मालकाचा, अर्धा आपला. पण सहा भाग मागणारा मालक मी जल्मात पाह्यला न्हाई. मी इचारलं, कितीपैकी? बाई म्हणे, कितीपैकी म्हणजे? सगळ्यांचा. मी म्हणलं, दोन भाग देते, बियाणं तुमचं. बाई हसली अन् म्हणे, अर्धवट नको, पूर्ण सहभाग हवा, अन् तोही मनापासून. मनापासून सहा भाग देणारं येडं आपल्या वस्तीत अजून जल्मलं न्हाई. तेवढ्यात तुझे दाजी उसातून येऊन मागं बसलेले, त्यांनी मान हलवली. मी त्यांच्याकडं असं पाह्यलं की ती मान तिथंच थांबली. शेजारची पद्माबाई उठली, पदर खोचला अन् म्हणाली, आमचं पीकच पाच भागाचं, सहावा आमच्या हाडाचा काढता काय? कोंडीबा म्हणला, पाटील सामील हाये, सहावा भाग त्याचाच. पाटील म्हणले, अरे गाढवांनो. मग कुणीच कुणाचं ऐकंना.

मी बाईच्या हातातली वही धरली अन् म्हणलं, तोंडी नको, लिवून दाखवा. तिनं मोठ्या अक्षरात लिवलं. मी बोट ठेवून वाचलं. स. ह. भा. ग. पुन्हा वाचलं. ह ला काना न्हाई. काना असता तर सहा झालं असतं. बाईनं समजावलं की यायचं, खड्डा खंदायचा, पाणी घालायचं, म्हणजे सहभाग. भाग कुणाचाच जात न्हाई. मग आधी सांगायचं न्हाई काय, गड्या-माणसाच्या बोलीत?

पण कान्यावरून माझ्या ध्यानात एक आलं. आपलं रान जाणार असंल तर लिवण्यानं जाणार, अन् राहणार असंल तर तेबी लिवण्यानंच. वही उघडी व्हती, पेन बाईच्या हातात व्हतं. मी म्हणलं, माझा सहभाग पहिला लिवा, पण पुरा लिवा. सोजराबाई भ्रतार पुंजाजी, यांनी गायरानात अकरा वर्सं वहिती केलेलं रान दोन एकर, उगवतीला नाला, मावळतीला पाटलाचा बांध, त्या रानाच्या चारी बांधावर कडुलिंब अन् करंज मिळून चाळीस. मधल्या ज्वारीला हात लावायचा न्हाई. पाटील म्हणले, बाई, ती जागा पडीक हाये. शकुंतलाबाईनं चष्मा पुसला, माळाकडं पाह्यलं अन् म्हणाली, पडीक जागेत ज्वारी छान आलीय. अन् लिवलं. खाली संस्थेचा गोल शिक्का मारला. एक कागद मला फाडून दिला.

मग काय, सगळी वस्ती रांगेत. पद्माबाईनं आपल्या चारी सीमा दोनदा वाचून घेतल्या. तांड्यावरचा नेमसिंग पळत आला, त्याचंबी गायरानातच हाये. बाई म्हणे, एवढा सहभाग मी कुठंच पाह्यला न्हाई, अन् फोटो काढला. (फोटोत पाटील न्हाईत. ते त्याआधीच चालत गेले, जीप सोडून.)

मला बाई भोळी वाटली व्हती. पण जाताना माझ्या कानाशी म्हणाली, सोजराबाई, उत्तर-दक्षिण राहिलं होतं, मी भरलंय, नीट वाचून घ्या. आता तूच सांग, झाडवाल्या बाईला चतुःसीमा काय ठाव? तेव्हापासून माझा तिच्यावरचा संशय वाढला, फक्त कशाचा ते समजंना.

असो. झाडांचं मला काई कौतुक न्हाई. कडुलिंबानं ज्वारीवर सावली पडती अन् पाखरं बसतात. तू त्यासाठी रजा वाया घालवू नको, तिकडं आपली नोकरी नीट कर. थोरांपुढं वाक, पण कंबर मोडंल इतकं न्हाई.

तुझी,
सोजराबाई

ता. क. १ : कागदाची नक्कल सोबत धाडली, पद्माबाईच्या पोरीच्या अक्षरात हाये. कचेरीत जमिनीचं पाहणारा जो कारकून तुझ्या हातचा चहा पितो, त्याला दाखव अन् इचार, असा कागद तहसीलदारापुढं उभा राहतो का. नक्कलबी त्याच्याकडं ठेवू नको. अस्सल कुठं हाये ते मी तुझ्या दाजींनाबी सांगितलं न्हाई, ते मान हलवतील.

ता. क. २ : कागदाच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ हाये, ती मी काल वाचली. झाडं जगली तरच नोंद कायम.

ता. क. ३ : झाडं लावली त्याच्याआधीपासून, बारा दिवस झाले, पाऊस न्हाई. चाळीसातली तीन पद्माबाईच्या शेळीनं खाल्ली, म्हणून आमचं बोलणं बंद हाये. सदतिसांना मी सकाळ-संध्याकाळ नाल्यातल्या झिऱ्यावरून कळशीनं पाणी घालून राहिले, खांदा उठत न्हाई. आठ दिवसांची रजा काढ. कारण काय लिवायचं इचारशील, तर लिव की बहिणीच्या घरी आजारी हायेत, सदतीस जणं.