दाराजवळची वही

२८ ऑक्टोबर
उमरीहून निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी बेटावर पोचलो. बायको, महामाया, जूनमध्ये शाळेतून निवृत्त झाली. समुद्र बघायचा, एवढीच तिची मागणी. होडीतून उतरताच म्हणाली, "विष्णुपुरीचं धरण याच्यापुढं डबकं हाय की वो!"

खडकावर चारशे वर्षांचं पांढरं चर्च, मागं माड, खिडक्यांना काचांऐवजी शिंपल्यांच्या चकत्या. आत दुधासारखा उजेड. दाराजवळ वही उघडी, दोरीला पेन. धर्माबाद असो की हिमायतनगर, व्याख्यानाला गेलं की अभिप्रायाची वही पुढं येतेच. सवयीनं झोकात लिहिलं: महामाया सोनकांबळे, आनंदराज सोनकांबळे. बाईचं नाव आधी, हे माझं तत्त्व.

२९ ऑक्टोबर
चर्च राखणारी म्हातारी धापा टाकत खोलीवर आली. ती वही मेलेल्यांची आहे म्हणे. रोज दुपारी बाराला त्यातल्या एका पानावरची नावं वाचतात. जिवंत माणसाचं नाव वाचलं गेलं की समुद्र त्याला नेतो. खोडून भागत नाही. ज्यानं लिहिलं त्यानंच वेदीपुढं म्हणायचं, चूक झाली.

मी तिला अर्धा तास अंधश्रद्धेवर सुनावलं. तीस वर्षांत व्यासपीठावरचा एक शब्द मी मागं घेतलेला नाही. दगडफेक झाली तेव्हाही नाही.

महामाया हसली. "दोन शब्द हायत, भाषणवाले. तोंड झिजतंय का?"

३० ऑक्टोबर
वाऱ्यामुळं होडी बंद. महामाया सकाळपासून खोलीतच, तरी लुगड्याचा काठ ओला. पिळला की पुन्हा ओला. ओठांवर मीठ. दुपारी घंटा झाली तशी उठून दाराकडं गेली. म्हणाली, आई बोलावून राहिली.

तिची आई, सरजाबाई, जाऊन अकरा वर्षं झाली. माती मीच दिली.

म्हातारी सांगून गेली, उद्या तुमचं पान.

३१ ऑक्टोबर
गेलो होतो. म्हणायलाच गेलो होतो.

वेदीपुढं उभा राहिलो. समोर चाळीस माणसं बसलेली. माणसं दिसली आणि जीभ आपली जुनी वाट धरून निघाली. भीतीचा धंदा, माणसाची बुद्धी, ताठ कणा. वीस मिनिटं! एका पर्यटकानं टाळ्याही वाजवल्या. ते दोन शब्द तेवढे राहिले.

महामाया दारात उभी होती. पायाखाली पाणी. "लई चांगलं बोललात," म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. आयुष्यात पहिल्यांदा नव्हता.

घंटा झाली. पाद्र्यानं पान उलटलं. तिचं नाव पहिलं. माझं येण्याआधी मी वही हिसकून घेतली —

मागं वळलो तर दारात नुसतं पाणी.

१ नोव्हेंबर
पायरीवर तिच्या चपला. पोलीस म्हणतात, पाय घसरला असेल. असेल! ही माझीच भाषा.

सकाळपासून ते दोन शब्द म्हणतोय. आवाज फुटत नाही. बाकी सगळं बोलता येतं. पाणी, पोलीस, प्रबोधन — ते दोनच नाहीत.

२ नोव्हेंबर
वही परत नेली चर्चवाल्यांनी. अर्धं राहिलेलं पान आज बाराला वाचणार.

माझ्या धोतराचा काठ ओला.

बाराला पाच कमी. दाराखालून पाणी येतंय. उंबऱ्यात ती. केसांतून वाळू गळते.

म्हणते, बोला की वो, आता कुणी ऐकायला न्हाई.

आवाज नाही, महामाया. लिहितो. बघ, लिहितो —

घंटा —

चूक झा