टेबलाखालचं तेल

गुरुवार, संध्याकाळ

पावणे गावातल्या आमच्या वर्कशॉपमधलं लोखंड घासायचं ग्राइंडर, दादा त्याच्या चाकावर आपटून गेला तेव्हापासून बंदच होतं. आज मिस्त्री आले, म्हणाले, "टेबल ढकला बघू, हळू." मी ग्राइंडरचं ते सरकतं लोखंडी टेबल ढकललं. हललं नाही. जरा जास्त ढकललं, तरी नाही. आणि एकदम सुटलं, मी तोल जाऊन थेट चाकाकडे! मिस्त्रींनी कॉलर धरून मागे खेचलं म्हणून वाचलो. दादाला खेचायला कोणी नव्हतं.

मिस्त्री म्हणाले, "जोराचा प्रश्नच नाही, शेठ. मशीन उभं राहिलं की टेबलाखाली तेलाचा नुसता पापुद्रा उरतो. तो गोठल्यासारखा धरून बसतो आणि रेटलं की सगळा एकदम वितळतो. सुट्टीनंतर आधी पंपाने नवं तेल सोडायचं. ते कोण करतं तुमच्यात?"



दसऱ्याची पूजा झाली की तीन दिवस आम्ही मशीनला हात लावत नाही. चौथ्या दिवशी तेल सोडायचं काम माझं. त्या दिवशी मी उशिरा पोचलो; तोवर दादाने तेल न सोडताच टेबल ढकललं होतं. आणि बारा दिवस लोकांना सांगतोय, दादाने धसमुसळेपणा केला. वहिनी म्हणाली होती, "भाऊजी, निदान तुम्ही तरी असं बोलू नका."

हळूच ढकललं होतं मी. त्यानेही तसंच ढकललं असेल.

उद्या तेरावं. वहिनीला एकटीला सांगू? नाही. खोटं सगळ्यांसमोर बोललो, खरंही तिथेच बोलायचं.