मिशीवाल्याचे एकोणीस फोटो

प्रिय ठमे,

तीन वर्षांनी बाबाचं पत्र, तेही हाताने लिहिलेलं, बघून घाबरू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत. आई गुडघे धरून कुरकुरते, मी तिच्यावर कुरकुरतो, म्हणजे सगळं सुरळीत चाललंय. पत्र लिहितोय कारण माझं डोकं फिरलंय आणि ओरडावं असं घरात आता कोणी उरलेलं नाही.

गेले दोन महिने मी नदीवर जातो. स्टुडिओ उघडायच्या आधी कॅमेरा, त्याची तिपाई आणि आईची जुनी छत्री घेऊन मोठ्या पुलाजवळ बांधावर उभा राहतो. तीन महिन्यांनी तुझी बदली होणार, मग तुझी मालगाडी या पुलावरून जाणार नाही, असं आईने सांगितलं तेव्हापासून. मला एकच फोटो हवाय: खाली पाणी, वर पूल आणि इंजिनाच्या खिडकीत तू. तीस वर्षं गावातल्या प्रत्येक शेंबड्या पोराचा फोटो काढला आणि स्वतःच्या ड्रायव्हर पोरीचा काही मिळेना!

तुमच्या मालगाड्यांना धड वेळापत्रक नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रवासी गाडी उशिरा आली तर निदान किती उशीर झाला ते तरी कळतं. तुमचं म्हणजे आली तर आली. तू आईला दिवस सांगतेस, तेवढा ती माझ्या कानावर घालते. वेळ विचारली की, ज्याला फोटो हवाय त्याने तिलाच विचारावं, म्हणून भांडी आपटते. दोघी एकाच माळेचे मणी. एकदा तीन तास ताटकळलो, दोन मिनिटं झुडपामागे गेलो आणि नेमकी तेव्हाच गाडी धडधडत पुलावर आली. मालाचे अठ्ठावन्न डबे, म्हणजे तुमच्या वाघिणी, होत्या. मोजल्या मी, कारण त्या अवस्थेत दुसरं काही करता येत नव्हतं.

तरी एकोणीस फोटो काढले. चेहऱ्यावर चांगलं ऊन पडेल अशी बाजू निवडून, सगळा अनुभव पणाला लावून. घरी येऊन मोठे करून बघावं तर प्रत्येक खिडकीत एक मिशीवाला! आधी वाटलं, तुझी पाळी बदलली असेल. मग चुकीचे दिवस सांगतेस म्हणून आईवर खेकसलो आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटी फाटकावरच्या गेटमनने फोटो बघितले आणि पोट धरून हसला. अहो मास्तर, म्हणाला, ड्रायव्हर डावीकडे बसतो, हा तुमच्या मुलीचा सहायक. म्हणजे दोन महिने मी त्याचे फोटो काढत होतो! त्याची मिशी एका बाजूला जरा जास्त कापलेली असते, हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसेल. जन्मभर लोकांना 'मान जरा डावीकडे' म्हणणाऱ्याची ही गत.

मग काल पुलाखालून चिखल तुडवत दुसऱ्या बाजूला गेलो. तिथे सूर्य थेट डोळ्यांत. आणि कालच तू आलीस. मला दिसलीस गं. केस घट्ट बांधलेले, नजर समोर, एवढी मोठी गाडी मागे घेऊन अगदी शांत बसलेली. मी बटण दाबलं. फोटोत काय आलं, तर वाघिणीतल्या कोळशाहून काळी एक सावली. तिपाई नदीत फेकणार होतो, पण महाग आहे म्हणून हात आवरला. नोकरीला निघालीस तेव्हा 'तीन महिन्यांत रडत परत येशील' असं तुला म्हणालो होतो ना? काल तुझा फार अभिमान वाटला आणि स्वतःचा तितकाच राग आला.

तुझ्या बाजूला ऊन दुपारनंतर येतं. तुला ड्युटीचा फोन गाडीच्या दोन तास आधी येतो म्हणे. दुपारची गाडी मिळाली तर मला एक फोन कर, मी स्टुडिओ बंद करून धावत येईन. पण त्याआधी एक गोष्ट तुला कळायला हवी. नोकरीच्या अर्जाला फोटो हवा होता, शेवटचा दिवस होता आणि मी फ्लॅश बिघडलाय म्हणालो. तू धावत समोरच्या दुकानात जाऊन डोळे अर्धवट मिटलेला फोटो काढून आणलास. आई सांगते, तोच आजही तुझ्या ओळखपत्रावर आहे. ठमे, फ्लॅश बिघडला नव्हता. तू जाऊ नयेस म्हणून मी त्याची वायर काढून खिशात ठेवली होती. हे कळल्यावर फोन करायचा की नाही, ते तू ठरव. मी फोनचा आवाज मोठा करून ठेवलाय.

तुझाच,
बाबा