काशिराममामांच्या कॅन्सरची खंडेनवमी

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
दिवाळीच्या तोंडावर

तीर्थरूप काशिराममामा यांस,

निशाचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार तुमच्या वयाला आहे, अकलेला नाही. कृपया गल्लत करू नये.) मी इथे सुखरूप आहे. तुमची तब्येत विचारायची सोय तुम्ही ठेवलेलीच नाही, कारण ती ठणठणीत असल्याचा बॅनर गव्हाण फाट्यावर लागला आहे. काल रिक्षातून जाताना पाहिला. ‘काशिरामशेठ यांनी कॅन्सरला धूळ चारल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ मध्यभागी फेटा बांधलेले तुम्ही, वर देवी, आणि खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल लावलेला तुमचा कल्पेश आणि त्याची सगळी रिकामटेकडी मित्रमंडळी. घरी पोचते तर त्याच मजकुराचं आमंत्रण येऊन पडलेलं: भाऊबीजेनंतरच्या रविवारी बोकडाचं जेवण. मामा, तुमच्या कॅन्सरच्या तेराव्याला मी जेवायला येणार नाही. का ते फोनवर सांगायला जावं तर तुम्ही ‘बरं, बरं’ करून फोन मामीच्या हातात देता. व्हॉट्सॲपवर लिहावं तर वाचून दाखवणारा कल्पेश सोयीचं तेवढंच वाचतो. कागद मात्र तुम्ही सातबारा वाचावा तसा ओळ न् ओळ वाचता, म्हणून हा खटाटोप.

पहिल्यापासून सांगते, कारण तुम्ही गावभर सांगत फिरता ती गोष्ट वेगळीच आहे. गेल्या दिवाळीनंतर खारघरला तुमचं ऑपरेशन झालं, डावी किडनी गाठीसकट काढली, आणि त्या गाठीचा शेंगदाण्याएवढा तुकडा तुमच्या सहीने आमच्या प्रयोगशाळेत आला. किडनीच्या कॅन्सरच्या पेशी चपट्या प्लास्टिकच्या बाटलीत, गुलाबी पाण्यात, अंगाइतक्या उबेत वाढवायच्या. त्या टिकल्या, वाढतच राहिल्या की त्यांच्यावर औषधं करून बघायची, हे आमचं काम. जगभर असल्या पेशी वापरतात, पण त्यातल्या बऱ्याचशा कुठल्याकुठल्या परदेशी माणसांच्या, माझ्या जन्माच्याही आधी काढलेल्या. आपल्याकडच्या माणसाच्या पेशी हाताशी असाव्यात, एवढ्यासाठी माझी पीएचडी चालली आहे. माझ्याकडे आलेले आधीचे सगळे तुकडे मेले. तुमचा जगला. (हट्टी माणसाचा तो. जगणारच.)

झालं! घरात जणू नातू जन्मला. पेशंटचं नाव कुणाला सांगायचं नसतं, पेशींना नुसता नंबर देतात, हे मी कानीकपाळी ओरडून सांगितलं, तर तुम्ही नाक्यावर जाऊन जाहीर करून आलात. कल्पेशने स्टेटस ठेवलं, ‘बाबांचा कॅन्सर रिसर्चला लागला.’ (स्वतः कुठे लागेल तो सुदिन.) गुणामामी रोज फोन करून ‘त्यानं खाल्लं का?’ विचारायची. एकदा तर बाई जिताडा माशाच्या कालवणाचा डबा घेऊन थेट प्रयोगशाळेच्या दारात! तुम्हाला आवडतं, म्हणजे तुमच्या पेशींनाही आवडणार, हा हिशेब. डबा मी खाल्ला. जिताडं उत्तम होतं, ते कबूल.

आता आमच्या विद्वानांकडे वळते. आमचे संचालक डॉक्टर राजस परदेशात शिकून आलेत, आणि हे ते दर वाक्यात सांगतात. पेशी पुरेशा वाढल्या की त्यातल्या थोड्या गोठवून ठेवायच्या, म्हणजे बाहेरच्या मेल्या तरी साठा शाबूत राहतो, ही आमच्या कामातली पहिली अक्कल. माझ्या पेशी गोठवण्याजोग्या झाल्या ऐन पितृपक्षात. साहेब म्हणाले, या दिवसांत नवं काम नको, दसऱ्याच्या मुहूर्तावर गोठवू, फोटोही काढू. मी म्हटलं, सर, पेशींना तिथी कळत नाही. त्यावर त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. तेव्हाच त्यांचं न ऐकता काम उरकायला हवं होतं, पण किल्ल्या त्यांच्या खिशात. म्हणजे माझी सगळी मेहनत दसऱ्याची वाट बघत एका कपाटाएवढ्या उबदार मशीनमध्ये बसून राहिली.

आणि खंडेनवमीला यंत्रपूजेचे प्रमुख पाहुणे म्हणून साहेबांनी कोणाला बोलावलं? तुम्हाला! (साहेबांचा डोळा तुमच्या उलव्याच्या रस्त्यालगतच्या प्लॉटवर आहे. तुम्हाला वाटलं, गुणांची कदर झाली.) मला साहेबांनी पेढे आणायला बाजारात पिटाळलं, कारण ‘मुलींपैकी कुणीतरी जा’ आणि प्रयोगशाळेत मुलगी मी एकटीच. मागे काय घडलं ते शिपाई काळूरामने मला नंतर सांगितलं. तुम्ही म्हणालात, ‘आज मशीन चालवायची नाय. आमी जेसीबीपन बंद ठेवतो. तिला पन सुट्टी हाय!’ आणि स्वतः वाकून मागची पिन उपटलीत. जेसीबी बंद ठेवला तर माती मरत नाही हो मामा! एवढ्यावर तरी थांबायचं. दोन्ही दारं उघडून आत हळदकुंकू वाहिलंत, झेंडूची फुलं ठेवलीत, नारळ फोडून एक वाटी थेट माझ्या बाटल्यांशेजारी मांडलीत. जिथे आम्ही श्वाससुद्धा जपून घेतो तिथे नारळाचं पाणी शिंपडलंत! परदेशात शिकलेले साहेब शेजारी हात जोडून उभे होते. मी पेढे घेऊन आले तेव्हा दार बंद, वरून पाट्याएवढा हार, तापमानाचे आकडे दिसायची सोय नाही, आणि दसऱ्याआधी हात लावायचा नाही अशी साहेबांची तंबी. मग मुहूर्त विसरून साहेबांनी दसऱ्याला सुट्टीच दिली, पुढे शनिवार-रविवार. सोमवारी दार उघडलं, तर खोबऱ्याला हिरवी दाढी फुटलेली आणि बाटल्यांमध्ये बुरशीची गादी. मी तिथेच जमिनीवर बसले.

तसंच रडत मी तुम्हाला फोन केला. वाटलं, मामा निदान ‘चुकलं पोरी’ म्हणतील. तुम्ही काय म्हणालात, आठवतं? ‘मेला? सगला मेला? अगो, मंग रडतंस कशाला?’ आणि संध्याकाळी गावात पेढे वाटलेत, देवीने खंडेनवमीला तुमच्याच हातून तुमचा कॅन्सर मारवला म्हणून! माझी पीएचडी पाण्यात गेली ती गेलीच, पण याच भरवशावर तुम्ही सहामाही स्कॅन रद्द केलात. मामा, बाटलीतल्या पेशी बाटलीतल्या. तुमच्या अंगात एखादी राहून गेली असेल, तर तिला पनवेलमध्ये कोण मेलं याची खबर जात नाही. ऑपरेशन चांगलं झालंय, बहुतेक काही नसेलच. पण ते स्कॅन बघून डॉक्टर सांगतील, बॅनर छापणारा नाही. आणि तुमच्याकडे आता किडनी एकच उरली आहे. डॉक्टर फोन करतात तर तो कल्पेश उचलतो आणि त्यांनाच बोकडाचं आमंत्रण देतो! ज्या घरात शिकलेल्या पोरीपेक्षा फ्लेक्सवाल्याच्या शब्दाला जास्त मान आहे, त्या घराला माझा कोपरापासून दंडवत.

याउपर लिहिण्यासारखं खूप आहे, पण त्यातलं बरंचसं वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. मामीला नमस्कार. कल्पेशला काही नाही.

आपली (इलाज नाही म्हणून) भाची,
निशा

ता. क. साहेबांनी झाल्या प्रकाराचा अहवाल वर पाठवला आहे. कारण लिहिलंय, ‘विजेचा लपंडाव.’ तुमचं नाव कुठेही नाही. प्लॉट अजून मिळायचा आहे ना.

ता. क. दुसरा. हे आधी लिहायचं नाही असं ठरवलं होतं. बाटल्या फेकण्याआधी एकेक सूक्ष्मदर्शकाखाली धरून बघत होते. अगदी मागच्या एका बाटलीचं झाकण मी नेहमीपेक्षा घट्ट लावलं होतं, तिच्यात बुरशी शिरली नव्हती. आत सगळा मेलेला कचरा, आणि एका कडेला मूठभर पेशी चिकटून बसलेल्या. पाणी बदललं, उबेत ठेवलं. आज त्यांनी निम्मी बाटली भरली आहे. तुमचा कॅन्सर मेला नाही, मामा. ऊब गेली, खाणं गेलं, सोबतचे सगळे मेले, तरी तो कोपऱ्यात बसून राहिला आणि संधी मिळताच वाढला. माझी पीएचडी वाचली. काळूरामने पेढे आणू का विचारलं, तर मी त्याच्या अंगावर ओरडले. या पेशी जगाव्यात म्हणून मी देव पाण्यात घातले होते, आणि त्या जगलेल्या बघताच मी आधी खारघरला तुमच्या डॉक्टरांना फोन लावला.

ता. क. तिसरा. मंगळवारी स्कॅनचा नंबर मी लावला आहे. मी स्वतः गाडी घेऊन सकाळी दारात येते. मला शिव्या घाला, गाडीत एक शब्द बोलू नका, पण बसा. बाबा गेल्यापासून मला ‘पोरी’ म्हणणारे तुम्ही एकटेच आहात. आणि सकाळी चहासुद्धा घेऊ नका, उपाशीपोटी जायचं असतं.