पाचव्या धड्यातला तक्ता

१४ मार्च

तीर्थरूप काकांस,

नमस्कार. साष्टांग भेटल्यावर घालीन, आधी भांडून घेते. काकूंचा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नका म्हणावं. इकडे मी ठणठणीत आहे, वर्गातला पंखा तेवढा कुरकुरतो.

तुमची चिठ्ठी मिळाली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या विद्यार्थ्याचे चार गुण कापून त्याला नापास करा, असं आपल्या संगणकवर्गाचे परीक्षाप्रमुख म्हणून तुम्ही लिहिलंत. कापणार नाही.

प्रश्न होता, संगणकाचे प्रकार उदाहरणांसह लिहा. हवामानाचा अंदाज बांधणारा महासंगणक, बँकेचा मेनफ्रेम, टेबलावरचा मायक्रो, सगळं त्या गृहस्थांनी लिहिलं. वर आणखी एक प्रकार जोडला : लिफ्टच्या पेटीतला संगणक, पडदा नाही, कळफलक नाही, जन्मभर एकच काम करतो. तुमच्या पुस्तकातल्या पाचव्या धड्यावरून केलेली आपली उत्तरतालिका म्हणते, पडदा नसेल तो संगणकच नव्हे. मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "बाई, वीस वर्षं त्याच्यातच हात घालतोय. पुस्तकात नाही म्हणून तो काय तिथून उठून जाणार आहे?" मला हसू आवरेना. पण कंपनीने मागितलेलं हे प्रमाणपत्र मिळालं नाही तर महिनाअखेर त्यांची नोकरी जाणार आहे. पन्नाशीच्या माणसाने कुठे जायचं?

तुम्ही म्हणाल, पुस्तक माझं, तू कोण शहाणी?

इथे पेन थांबलं. चहा करून आले. आता लिहूनच टाकते.

तो धडा मी लिहिलाय, काका. मी एकोणीस वर्षांची, तुम्हाला छपाईची घाई. मला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून काकूंची शिवणाची टेप घेऊन गोदामातली जुनी यंत्रं मोजली. कपाटाएवढं ते मेनफ्रेम, कमरेएवढं ते मिनी, टेबलावर मावतं ते मायक्रो. यंत्राचा वेग काय, एका वेळी किती माणसं वापरतात, कोणत्या कामासाठी केलंय, हे बघायचं सोडून मी उंची बघितली! पडदा नसलेलं यंत्र तक्त्यात कुठे बसवावं समजेना, म्हणून त्याला संगणकांतूनच काढून टाकलं. तुम्ही न वाचता छापलंत आणि वर तुमचं नाव घातलंत. दहा वर्षं मी तेच शिकवतेय. बाबांच्या माघारी तुम्ही मला शिकवलंत, म्हणून गप्प बसले. लाज वाटते त्याची. तुमचे उपकार मी विसरलेली नाही, पण ते फेडायला दुसऱ्याच्या पोटावर पाय देणार नाही.

त्यांना पास करून गुणपत्रिकेवर सही केली आणि ती आज सकाळी कार्यालयात दिली. सोबत तक्त्यातल्या चुकीची कबुली, माझ्या नावाने. मला काढायचं तर खुशाल काढा. रविवारी काकूंना भेटायला मी येणारच, दार तुम्ही उघडा नाहीतर त्या.

तुमचीच पुतणी,
पाचव्या धड्याची लेखिका